पहिल्या धारेची

बाबा गेले, पण त्यांच्या बाटल्या घरात येतच राहिल्या.
सरपणाच्या थप्पीतून तीन.
बटाट्यांच्या पोत्याखालून दोन, एकमेकींना रेलून,
चर्चच्या पायरीवर ऊन खात बसलेल्या म्हाताऱ्यांसारख्या.
उजव्या गमबुटातून एक.
डाव्यात काही नाही.
"डावा पाय दुखायचा त्यांचा," आई म्हणाली,
जणू त्यात सगळं आलं.

चाळीसपर्यंत तिने मोजल्या. मग नाद सोडला.

मी आयर्लंडहून आले,
मशरूमच्या शेडमधून दहा दिवसांची रजा मागून,
नखांत अजून तिकडची काळी माती.
अंगणात पत्र्याच्या टबात बाटल्या बुडालेल्या
आणि वर तरंगत लेबलं,
उकडलेल्या बटाट्याची सालं सुटावीत
तशी अलगद सुटलेली.
कुल्डीगात पानगळ लागली होती.
व्हेंटा नदीवरचं धुकं आमच्या कुंपणापर्यंत यायचं
आणि अनोळखी पाहुण्यासारखं तिथेच थांबायचं.

आई म्हणाली, बस. धागा धर.

धागा लोकरीचा, बाबांच्या उसवलेल्या मोज्याचा.
तो भिजवायला स्पिरिट हवं होतं. दुकान उघडणार सोमवारी.
आई आत गेली आणि मधमाश्यांच्या जुन्या पेटीमागची
शेवटची बाटली घेऊन आली.
भरलेली, बिनलेबलाची, कागदाचं बूच.
पलीकडच्या अल्दोनिसने गाळलेली,
पहिल्या धारेची.

बशीत ओतली. धागा भिजवला.
बाटलीच्या खांद्याखाली तीन वेढे, घट्ट गाठ, काडी.
निळी ज्योत गोल पळाली.
आई बाटली फिरवत राहिली,
शेकोटीवर सॉसेज फिरवावं तशी, घाई न करता.
मग बादलीतल्या गार पाण्यात.
टक्.
वरचा भाग तिच्या हातात, खालचा माझ्या.
एवढ्या वर्षांत ही दारू
पहिल्यांदाच आईच्या सांगण्यात होती.

सातांतल्या तीन उभ्या तडकल्या.
"स्वभाव," ती म्हणाली.
बाटल्यांचा की अजून कुणाचा, मी विचारलं नाही.

मग घासणं. पाण्याखाली, पॉलिश पेपरने, बोटं बधिर होईतो.
माझा अंगठा कापला. टबातलं पाणी जरासं गुलाबी झालं.
"धार गेली हे कळायचं कसं?"
"ओठ लावून बघ," आई म्हणाली
आणि स्वतःच दचकली.

मेणबत्त्यांच्या संध्याकाळी अख्खं गाव कबरस्तानात.
पाद्री वर्षभरातली नावं वाचत होता.
इल्ग्वार्स, एवढंच, मग पुढचं नाव.
वारा नदीकडून. सुपरमार्केटातले लाल प्लास्टिकचे दिवे
एकामागून एक मान टाकत होते.
आमच्या बाटल्या उभ्या होत्या,
हिरव्या, तपकिरी, एक अगदी नितळ,
आत ज्योती, भिंतीला धरून चालणाऱ्या माणसासारख्या.
बाबांना आईने एकच ठेवली.
बाकीच्या वाटून टाकल्या,
शाळेतल्या बाईंना, नदीत गेलेल्या त्या मुलाला,
आणि दोन जर्मन नावांच्या दगडांना,
ज्यांचं इथे कुणीच उरलेलं नाही.

स्कायद्रीते वाकून बघत म्हणाली,
"काय सुंदर आहेत गं वेल्गा! महाग पडल्या असतील?"
आई म्हणाली, "फार."
आणि पुढची काडी ओढली.

निघायच्या पहाटे कुंपणापर्यंत चिखल.
बाबांचे गमबूट ओढून काढले.
उजव्यात पाय गेला. डाव्यात अडला.
हात घातला. कागदाचं बूच. अर्धी भरलेली.

धाग्यांसाठी असेल.
अजून बाटल्या निघतीलच, कुठून कुठून.
होती तशी ठेवली, टाचेशी टेकवून,
आणि माझ्या कापडी बुटांनीच
चिखल तुडवत बसपर्यंत गेले.