चौदा लिटर आणि एक पेला

बोहरी आळीतून दुधाचा थर्मामीटर आणला.
दुकानदार एकशे ऐंशीवर अडला, मी एकशे साठवर.
शेवटी एकशे सत्तर, आणि पिशवी मिळणार नाही म्हणाला.
कुमुद म्हणाली, झाली बचतीला खर्चानं सुरुवात.

कर्वेनगर. जानेवारी. सकाळचे सहा.
नळाचं पाणी अठरा अंश.
मला अंघोळीला चाळीस पुरतात,
तिला चव्वेचाळीस लागतात.
सदतीस वर्षांच्या संसारात
हे चार अंश कागदावर प्रथमच आले.

मधले बेचाळीस धरले.
पिंपरीच्या टूलरूममध्ये उभा जन्म
मायक्रॉनशी हुज्जत घालण्यात गेला,
तेव्हा बादलीही मोजून घेतली.
पंधरा लिटरची म्हणून विकलेली,
भरते चौदा लिटर आणि एक पेला.

विजेची बादली साडेपाच रुपये.
गॅसची अडीच.
माणसं दोन, रोजचे सहा वाचले.
नवा गीझर, नळी, मजुरी मिळून सात हजार.
एप्रिल-मे वगळले
(तेव्हा गच्चीवरची टाकीच चटका देते)
तर चार वर्षांत वसूल.
आज सहासष्ट.
म्हणजे सत्तराव्या वर्षी मी फायद्यात येणार.

पण गुरुवारी वीज जाते.
आणि शुक्रवारी पाणी येतं ते
उशिरा आणि कमी दाबानं.
दाब नसला की गॅसचा गीझर पेटत नाही,
नुसता टकटक करतो,
बोलायला तोंड उघडून
काय बोलायचं ते विसरलेल्या माणसासारखा.
हे कुठल्या रकान्यात घालायचं?

बाथरूमला धड खिडकी नाही,
म्हणून गीझर बाल्कनीत. तिथून नळी बावीस फूट.
आधी दीड लिटर गार पाणी येणार.
ते कढीपत्त्याला घालीन, कुमुद म्हणाली.
मग कढीपत्त्याची जुडी जमेला धरायची का,
यावर वाद झाला, चहा निवला,
पुन्हा गरम केला. तो गॅस धरला नाही.

बुधवारी थर्मामीटर सापडेना.
वही सापडली, पेन्सिल सापडली.
बाल्कनीतल्या सिंकपाशी शालन भांडी घासत होती.
काल रात्रीच्या वाट्यांत, चमच्यांत
तोही गेला असणार.
तिनं फेसातून काढला, पदराला पुसला,
पुढे केला.

मी सवयीनं वाचला.
अठरा.

तिची बोटं पाण्यातून आलेली,
पेरांशी पांढरी, नखांशी निळसर.
वडारवस्तीतून सातला निघते,
आमचं चौथं घर.
चार घरं, चार सिंक, अठरा अंश.
वहीत माणसं दोन होती.

तिसरी बादली मांडून पाहिली.
सहाचे साडेतीन झाले,
सत्तरावं वर्ष सरकत सरकत
त्र्याहत्तराकडे गेलं.
मी पेन्सिल खाली ठेवली.
शालन बराच वेळ वहीकडे बघत होती,
तिला अक्षर येतं हे मला माहीत नव्हतं.
म्हणाली, काका, गरम पाण्यानं
तेलकटाला साबण निम्मा लागतो.
तो धरलाय का?

नव्हता धरला.

गीझर बसून आता तीन आठवडे झाले.
प्लंबर म्हणाला, सिंकला जोड देतो, चार फुटांचं काम आहे.
तर आमच्या घरात गरम पाणी
सगळ्यांत आधी शालनच्या नळाला येतं.
बाथरूममध्ये मी उघडा, कुडकुडत, हात पुढे करून
बावीस फूट यायची वाट बघतो.
कुमुदला हे खटकतं की आवडतं,
विचारलेलं नाही.

थर्मामीटर सिंकवर खिळ्याला टांगला आहे.
त्याच्याकडे कोणी बघत नाही.
शालन करंगळी घालून बघते
आणि नळ जरासा मागे फिरवते,
चव्वेचाळीस झाले असतील,
म्हणते, पुरे की एवढं.