उजव्या पंखावर

आमच्या व्हॅनवर कंपनीचं नाव नाही.
गिऱ्हाइकांनाच नको असतं.
हॉटेलवाले म्हणतात, मागच्या दारानं या,
मळक्या चादरींच्या गाड्या उभ्या असतात तिथून,
आणि लिफ्टमध्ये कुणी विचारलंच
तर सांगा, एसीचं काम आहे.
बारा वर्षं मी डेटनमध्ये एसी दुरुस्त करते आहे,
एकदाही पान्हा न उचलता.

पहिल्या दिवशी वेंडेल स्टॅम्परनं
एका रिकाम्या फ्लॅटच्या दारातच मला थांबवलं.
कसला वास येतो, सांग.
मी म्हटलं, कोथिंबीर.
फ्रिजमध्ये विसरलेली, पिशवीत पाणी सुटलेली.
कोथिंबीर त्यानं जन्मात हुंगली नव्हती,
पण आत जाऊन गादीची शिवण उलटी करून दाखवली:
ढेकूण, मसुराच्या दाण्याएवढे,
खाऊनपिऊन सुखी.
तुला येतं हे काम, तो म्हणाला.
अकोल्याच्या माझ्या एम.एस्सी.बद्दल
या देशात तोवर कुणी इतकंही बोललं नव्हतं.

परीक्षा मी चाळिशी उलटल्यावर दिली.
पोरगी झोपली की ओट्याशी उभ्यानं पाठांतर,
विषांच्या मात्रा, कायद्याची कलमं,
कुठल्या झुरळाच्या मानेवर किती पट्टे.
वेंडेलनं हीच परीक्षा तीनदा दिली.
तिन्हीदा माशी शिंकली.
भिंतीला कान लावून तो सांगतो
मुंग्यांनी लाकूड कुठवर पोखरलंय,
आणि तिथेच बोट ठेवतो, तिथेच असतं.
पण 'खालीलपैकी कोणता पर्याय अयोग्य नाही'
असं छापलेलं दिसलं
की त्याच्या पायांना मुंग्या येतात.

काल कोलंबसला समारंभ झाला.
कोंबडी, उकडलेली फरसबी, गोल टेबलं.
स्टेजवरच्या बाईंनी माझ्या आडनावाशी
दोनदा झटापट केली,
तिसऱ्यांदा 'कॅलमॅग'वर तह झाला.
वैजयंती काळमेघ, आणि पुढे आता तीन अक्षरं.
मग त्यांनी कोटाला बिल्ला टोचला,
डावीकडे,
आणि मला भलत्या वेळी हसू आलं.

भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखावर टोचतात.
कठीण पंख, खांद्यापासून किंचित खाली,
म्हणजे डावी बाजू अभ्यासाला शाबूत राहते.
धोत्रे सरांनी हात धरून शिकवलं होतं.
टाचणीला खाली एक चिठ्ठी:
गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव.
माझं नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते तिथे,
एका शेणकिड्याच्या पोटाखाली,
पिसूएवढ्या अक्षरांत,
लग्नपत्रिकेच्या दोन वर्षं आधी.
सर गेले. ती पेटी असेल अजून,
कसर लागली नसेल तर.

रात्री आईला फोन केला.
सोन्याचा आहे का गं?
नाही, आपलं किडूकमिडूक.
मग ती जरा वेळ गप्प.
ती सगळ्यांना सांगत आली आहे,
मुलगी औषधांच्या कंपनीत असते.
खोटं नाही ते.
आता काय सांगू, तिनं विचारलं,
आणि मलाही चटकन सुचलं नाही.

सकाळी व्हॅनमध्ये वेंडेलनं बिल्ला मागून घेतला.
चष्मा कपाळावर सारून
उलटा केला, मागची टाचणी, कडा, फट,
गादीची शिवण तपासतो तसा.
स्वच्छ आहे, म्हणाला,
आणि स्वतःच्या हातानं परत लावून दिला.
बोटं थरथरतात त्याची हल्ली.

मागचं दार. चादरींच्या गाड्या. लिफ्ट.
तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी आत आली,
आमच्या पेट्यांकडे बघून म्हणाली, एसी?
हो, मॅडम.
तिची नजर माझ्या कोटावर अडकली.
एसीवाल्यांनाही देतात का असलं काही?

सगळ्यांना नाही, वेंडेल म्हणाला.
आकड्यांच्या दिव्यांकडे बघत.

सातवा मजला.
खोलीचं दार उघडलं.
कोथिंबीर.