गोळीबार चौकातला पिचर

पेपरात आलं : माजी क्रिकेटपटू मोरेश्वर हेडाऊ यांचे निधन.
दोन ओळी. फोटो दुसऱ्याच कोणाचा.

सुखदेव पराते लाल पेन घेऊन निघाला,
स्टॉलवरच्या एकेका पेपरात क्रिकेटपटू खोडत,
वर लिहीत : पिचर.
पाचपावली झाली, लष्करीबाग झाली,
कमाल चौकात शाई संपली.
स्टॉलवाला म्हणाला, काऊन बे, पेपर खराब करून राहिला?
अन् पिचर म्हंजे काय असते?

सुखदेवला सांगता येईना.
त्यानं पिशवी खाली ठेवली,
उजवा गुडघा छातीपर्यंत उचलला,
डावा हात मागं नेला,
आणि हातात नसलेलं काहीतरी
जीव खाऊन फेकलं रस्त्यापलीकडे.
एक सायकलवाला खाली वाकला.
सुखदेव खरं तर उजव्या हाताचा आहे.

तेव्हाही आम्ही मोजकेच होतो.
रविवारी विटांच्या ढिगावर बसलेले एकोणीस जण,
थंडीत कानाला रुमाल बांधून.
येणारा-जाणारा विचारायचा, स्टंप कुठं आहेत बाप्पा?
आम्ही म्हणायचो, स्टंप नाहीत, मोरू आहे.

दर दिवाळीनंतर तो दोन ठेले मुरूम आणायचा,
घमेल्यानं उंचवटा रचायचा,
अनवाणी तुडवायचा, पाणी मारायचा,
पुन्हा तुडवायचा.
डावऱ्याचा ग्लोव्ह अख्ख्या नागपुरात नव्हता.
उजव्यांचाच उलटा घालायचा,
अंगठ्याच्या जागी करंगळी.
बॉल उसवला की चौकातला चांभार टाके घालायचा,
दीड रुपयात, चामड्याला शिव्या देत.

घरी बापाचा माग.
लहानपणापासून धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
म्हणून असेल,
बॉल त्याच्या हातातून सुटला असं वाटायचंच नाही.
समोरचा बॅट फिरवायचा,
तोवर रफीकच्या ग्लोव्हात आवाज होऊन गेलेला.

अमरावतीविरुद्ध एकदा नऊ इनिंग,
एकालाही हिट नाही.
स्कोअर लिहायला मी.
शून्य काढून काढून कंटाळलो,
दोन ठिकाणी शून्याला डोळे काढले, एकाला मिशा.
हे असं जन्मात एकदाच होतं,
हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.
कोचनं सांगितलं तेव्हा
मोरू पोह्याच्या ठेल्यावर रांगेत उभा.
असं का? म्हणाला.
मग ठेलेवाल्याला, तर्री जास्त टाक भाऊ.

ती वही माझ्याकडे आहे.
मिशा खोडाव्यात की राहू द्याव्यात,
तेरा दिवस ठरलं नाही.

पुढं तो वीज मंडळात खांबावर चढला.
पुढं तो खांदा गेला.
दोरीवर शर्ट टाकायचा तर बायकोला हाक मारायचा.
ही गोष्ट आम्हाला माहीत होती,
आणि आम्ही भेटलो की अमरावतीचंच बोलायचो.
त्याला ते आवडायचं की नाही,
विचारायचं राहिलं.

तेरवीचं जेवण झाल्यावर ग्राउंडवर गेलो.
पोरं क्रिकेट खेळत होती.
उंचवटा जवळजवळ बसलाय,
तरी लाँग ऑनचा पोरगा त्याच्यावरच उभा,
तिथून सगळं दिसतं म्हणाला.

मोमिनपुऱ्याचा रफीक, त्याचा कॅचर,
अठरा वर्षं साठ फुटांवरून
मोरूचं तोंड पाहत बसलेला,
डाव्या तळव्याचं हाड अजून वर आलंय त्याच्या.
काही न बोलता तो पुढं गेला,
पायानं जागा साफ केली,
आणि गुडघे कडाकडा वाजवत
उकिडवा बसला.

काका, बाजू व्हा, बॉल लागन!
लाँग ऑनचा पोरगा ओरडला.
रफीक तिकडेच बघत होता,
पोराच्या थोडं वर.

उठता येईना.
दोघांनी काखेत धरून उठवलं.
डावी मूठ मात्र त्यानं उघडली नाही,
माझ्या स्कूटरवर मागं बसतानाही.