नमुना चारशे सतरा

क्लेम स्ट्रेम्पल बादली मांडीवर घेऊनच येतो,
गाडी मुलगी चालवते.
पिनो न्वारचे तीस घोस, देठांसकट,
वर ओला टॉवेल, आंघोळीचा, निळ्या पट्ट्यांचा.
ॲडलेडला आज एक्केचाळीस. पार्किंगमधल्या निलगिरीची सालं
पायाखाली वर्तमानपत्रासारखी वाजतात.

"वास घेऊन बघ," तो म्हणतो. "काही नाही ना?"
काही नाही. गोड, थोडं मातीचं.
आग त्याच्या कुंपणापाशी आली आणि वळली.
पलीकडच्या ऑड्रीचं गोठ्यासकट गेलं,
याचं एक पान करपलं नाही.
फक्त धूर अकरा दिवस दरीत बसून राहिला,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा.

मी पावती फाडते. चारशे सतरा.
याआधीच्या चारशे सोळांत बादल्या, बर्फाचे डबे,
एक उशीचा अभ्रासुद्धा.

धूर सालीतून आत शिरतो,
हे मी दिवसातून वीसदा फोनवर सांगते.
आत त्याला साखर भेटते, ती त्याला धरून ठेवते.
बांधलेल्या धुराला वास नसतो.
तो पिंपात गप्प, बाटलीत गप्प,
मग कधीतरी, कुणाच्या तरी वाढदिवसाला,
घोट घेतला की लाळ गाठ सोडते
आणि जिभेच्या मुळाशी उरते
विझवलेली चूल.

थुई यंत्राला नमुने भरवते.
पडद्यावर सुईच्या टोकाएवढी शिखरं उगवतात,
ती त्यांची हजेरी घेते:
ग्वायकॉल. क्रेसॉल. सिरिंगॉल.
सगळे हजर.
पंप रात्रभर खोकतो.

दहा दिवसांत बादलीची वाइन होते.
लाल दिव्याच्या खोलीत, काळ्या पेल्यांतून, ती चाखतात;
घोट, थुंकी, दोन मिनिटं थांबणं, बिस्किट, पाणी.
मला त्या खोलीत बसवत नाहीत.
चाचणी झाली होती माझी.
माझी लाळ ती गाठ सोडत नाही,
काहींचं असतं असं.
सतरा वर्षं मी धुराचे अहवाल लिहिते आहे,
न चाखलेल्या धुराचे.

क्लेम आकडे वाचत नाही. "ओत," म्हणतो.
मी दोन पेले ओतते.
तो थुंकत नाही, गिळतो,
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहतो.
मला चेरी लागते. पिकलेली, मऊ, किंचित दालचिनी.
वाईट हे की चांगली आहे.

त्याच्या चेहऱ्यावर काय येतं ते
मी बघायचं टाळते, पण दिसतं.
"तुला लागलं?"
खोटं बोलता आलं असतं.
"नाही," मी म्हणते.
"मग तूच घे सगळी," तो म्हणतो, "चौदा टन आहे,"
आणि हसतो, एकदाच, नाकातून.
मुलगी दारात चावी बोटाभोवती फिरवत उभी.
"बाबा, ऑड्रीकडे थांबायचंय ना?"

उरलेले घोस उणे वीसला आहेत.
अर्जात द्राक्षांसाठी रकाना आहे, बादलीसाठी आहे:
परत नेले / नष्ट केले.
टॉवेलसाठी नाही.
तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर वाळतो आहे,
थुई रोज विचारते, कुणाचा हा.