काठ

मोजणीच्या अर्जात एक रकाना होता:
तलावाचा काठ, कोणत्या गटातून कोणत्या गटात.
एरंडोलच्या पुढे, पिंपळखेड्यात,
फेब्रुवारीच्या उन्हात मी टेप धरून उभी
आणि काठ काही सापडेना.

अवचित भोई जाळं झटकत होता.
विचारलं, तर ओला अंगठा चिखलात दाबून म्हणाला,
"आज आठे शे.
पोयाले तठे व्हता, त्या बाभूयजोडे.
होयीले देखजो, आखो मझार."

मी पाळीकडे बोट केलं.
तो हसला. पाळ सरकारची, दगडाची,
तिच्यावर नंबर आहे, चुना आहे.
काठाला काय आहे?
बगळ्याची पावलं, आणि तीही सकाळची.

लहानपणी मी गणितात काठावर पास व्हायचे.
आई हंडा काठोकाठ भरायची, एक थेंब न सांडता.
तिचं एक लुगडं विरून जाळी झालं
तरी काठ शाबूत; तो फाडून
आम्ही शेळी बांधायचो त्यानं.
मला वाटायचं काठ म्हणजे
सगळं गेल्यावर उरतं ते.
इथे उलटंच.
पाणी आहे अजून,
काठ रोज हरवतोय.

अवचितची बायको सुपडाबाई
गाळात वाकलेली. काकडी, डांगर.
पाणी जितकं मागं सरेल
तितकी तिची एक ओळ पुढे.
मग दिसलं मला:
पिवळी फुलं आलीत ती ओळ संक्रांतीचा काठ,
तिच्याखाली वेल नुसते हातभर,
तिच्याखाली दोन-दोन पानं, गेल्या पंधरवड्याची,
तिच्याखाली ओली माती, अजून काहीच नाही,
आणि पुढचा काठ
तिच्या मुठीत, बियांचा,
राखेत घोळलेला.

मी टेप गुंडाळला.
रकान्यात पेन्सिलीनं बाभळीचा गट लिहिला,
खोडला, पुन्हा लिहिला.
साहेब विचारतील, शाई का नाही?

सांगायचं काय ते ठरेना,
तेवढ्यात सुपडाबाईनं
मान वर न करता
माझ्या पायाला कोपरानं ढोसलं:
"सरक वं माय,
तू उभी शे ना,
तठेच बी टाकनं शे."