हिरवा दिवा

बुकिंग चौघांचं होतं.
नाव काइरे लेप्प. रात्री दोन, चादरी चार.
आणखी कुणी येणार का, मी विचारलं होतं.
उत्तर आलं, नाही, आणि पुढे एक हसरा चेहरा.
सहा हिवाळे घर भाड्याने दिल्यावर
हसऱ्या चेहऱ्याचा अर्थ मला कळायला हवा होता.

तार्तूतल्या आमच्या वस्तीत गल्ल्यांना भाज्यांची नावं:
घेवडा, बटाटा. माझं लाकडी घर वाटाणा गल्लीत, वरचा मजला.
खाली हेइनो पार्मास. घड्याळं दुरुस्त करायचा,
अजून सेकंदांचा हिशेब ठेवतो.
नऊ बावन्नला त्याचा निरोप:
माझ्या छताचा दिवा झुलतोय.

आवाज मोजायची पांढरी डबी मीच भिंतीला ठोकलीय.
सलग गोंगाट झाला की तिचा दिवा लाल होतो.
फोनवर पाहिलं. हिरवा,
वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखा हिरवा.
मग दारावरचा कॅमेरा मागे नेला:
दोघं. तिघं. केक. पुन्हा पाच.
एकजण चक्क घरची खुर्ची घेऊन.
बोट दिलं की मनगट धरतात लोक.
कोट चढवला, उणे बारात निघाले
वाटभर भांडण पाठ करत.

जिन्यात बूट.
आमच्याकडे माणूस कितीही बेशिस्त असो, बूट बाहेरच काढतो.
मोजले. तेवीस जोड. बर्फाचं पाणी पायऱ्यांवरून खाली.
बेल दाबली. पुन्हा दाबली.
आत थडथड पावलं, पण गाणं नाही,
एक शब्द नाही.
घाबरले मी, खोटं कशाला सांगू.

किल्लीने दार उघडलं.
खोलीभर हात.
हात बोलत होते, एकमेकांना मध्येच तोडत होते,
एकीची बोटं क्रीमने माखलेली, तरी विनोद थांबेना,
आणि पाठमोऱ्या माणसाला हाक मारायची तर
जमिनीवर पाय आपटायचा.
हा हेइनोचा दिवा.

मी म्हटलं, काय चाललंय इथे?
पाठ केलेलं सगळं भांडण
माझ्याच कानांत पडून राहिलं.

कुणीतरी मला पाहिलं, भिंतीशी गेलं,
बटण दोनदा खालीवर केलं.
अंधार, उजेड.
तेवीस चेहरे वळले.
इतक्या लक्षपूर्वक मला आजवर कुणी ऐकलं नव्हतं
आणि माझ्याकडे सांगायला काय होतं?
चार बोटं दाखवली.
मग मनगटावरचं घड्याळ.
मग दार.

काइरेने फोनवर लिहिलं: शाळेतले सगळे, दहा वर्षांनी.
हॉलवाल्याने गोंगाटाची अनामत मागितली.
मी हसले नाही. हसायला हवं होतं का, माहीत नाही.
लिहिलं: माणसं चार ठरली होती.
तिने वाचलं, मान डोलावली. खोटं बोललो नाही, असं नाही म्हणाली.

कप विसळून एकोणीस जण खाली उतरले
पण गेले नाहीत.
रस्त्याच्या दिव्याखाली उभे राहिले, हातमोजे काढून,
कारण मोजे घालून बोलता येत नाही.
लाल बोटांनी तासभर निरोप घेत होते.
चालता चालता कुणी अंधारात गेलं की वाक्य तुटायचं,
ते पुरं करायला सगळे परत उजेडात.

अकरा चारला हेइनो: दिवा थांबला.
अकरा पाचला: कोण आहेत हे?
मी लिहिलं, जास्तीचे.

दंड घेतला. पूर्ण नाही, पण घेतला.
लाकडी घराला ऊब फुकट मिळत नाही.
साइट विचारते, हे पाहुणे पुन्हा चालतील? हो किंवा नाही.
तीन दिवस झाले.
नियमांच्या कागदावर माझ्याच अक्षरात आहे:
दहानंतर शांतता.

काल चादरी बदलायला गेले, एकटीच होते,
सहज जमिनीवर पाय आपटून पाहिला.
थोडा वेळ काही नाही.
मग खालून काठीचे ठोके, दोन.