विणकरी गाठ

माणकापुरातून फोन यावा की आवाज बिघडलाय,
ही तशी चेष्टाच.
तिथं गल्लीगल्लीत यंत्रमाग,
भिंतीला हात लावला तर भिंतही खटखटते,
ओठ बघून माणसं बोलणं ओळखतात.
तरी डिकीत मीटर टाकला, सोल्डर टाकलं
आणि निपाणीहून निघालो.

भरमाण्णा मगदूम दारातच म्हणाले,
"गाणी ऐकू येत्यात, पाऊस बी पडतोय चांगला,
खरं माणसं बोलत न्हाईत बघा.
नुसती तोंडं हलीवत्यात."
सोप्यात रत्नव्वा कांड्या भरत होत्या.
"बरं हाय की मग," म्हणाल्या.

आधी केलं ते सगळेच करतात:
आवाज वाढवला, उतरवला,
रिमोट मांडीवर आपटला,
डबा बंद करून शंभर आकडे मोजले.
भाषा बघितली. कन्नड होती. मराठी केली.
दोन्हीत माणसं मुकीच.
परत कन्नड करून ठेवली.

मधला स्पीकर दोन वर्षांमागं उंदरांनी खाल्लेला.
तेव्हापासून त्याच्या वाटणीचं बोलणं
डावा-उजवा मिळून भागवत होते,
पुष्कळ घरांत भागवतात तसं.

मग त्रिशला, नववीतली, म्हणाली,
"काका, हिकडं या. उंबऱ्यापाशी येतंय ऐकू."
खरंच येत होतं.
कोपऱ्यातून सिनेमातली बाई स्पष्ट रडत होती.
सोफ्याच्या बरोबर मधे,
भरमाण्णा बसतात त्या खळग्यात बसलो
की रडणं विरून जायचं,
पाऊस तेवढा उरायचा.

कळलं मला, पण सांगितलं नाही.
खात्री करायची माझी एक जुनी खोड आहे.
भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, त्यातला सेल काढला
आणि तारांच्या टोकांना टेकवला.
डाव्याचा पडदा पुढं आला, टप्प,
वर बसलेली सुताची तूस उडाली.
उजव्याचा मागं गेला.
एक श्वास सोडतो तेव्हाच दुसरा घेतो,
मधे बसलेल्याला
वाराही लागत नाही.

तार चाचपत सोफ्यामागं शिरलो.
हाताला गाठ लागली.
ताण्यातला तुटका धागा सांधतात तशी,
ज्वारीच्या दाण्याएवढी,
ओढली तर तार तुटेल, ती सुटायची नाही.
"कुणी बांधली?"
भरमाण्णांनी दोन्ही हात पुढं केले,
"मीच की. सोफा सरकीवला, तार आखूड पडली.
लाइट नव्हती. खरं अंधारात बी
आमची गाठ चुकत न्हाई."
"गाठ नाही चुकली," म्हटलं. "रंग चुकला."

कात्री लावताना जिवावर आलं.
इतक्या वर्षांत असा देखणा सांधा
माझ्या सोल्डरला जमलेला नाही.
लाल लालला, काळी काळीला.
गाठ त्रिशलानं उचलून कंपासपेटीत ठेवली.

आणि बाई खोलीच्या मधोमध येऊन बोलली.
नवऱ्याला विचारत होती काहीतरी, कन्नडमध्ये.
भरमाण्णा सावरून बसले,
उत्तर त्यांनाच द्यायचं असल्यासारखे.

तेवढी बारीक गुंऽऽ राहिली.
अर्थिंग मागांच्या शेडशी एकत्र,
वेगळा खड्डा काढावा लागेल, मीठ, कोळसा.
"कुठली गुंऽऽ?" म्हणाले.
मी पुन्हा सांगणार
तेवढ्यात लाइट गेली.

सगळे माग थांबले.
पलीकडं कुणाचं तरी पोर
झोपेतून दचकून रडायला लागलं.
"च्या ठेवू काय?" रत्नव्वांनी विचारलं,
रोजच्या आवाजात,
मागांच्या वरून जाणाऱ्या.
हाक पार वेशीपर्यंत गेली.
त्याच दचकल्या, तोंडावर हात धरला,
आणि मग बोटांच्या फटीतून
किती तरी वेळ हसत राहिल्या.

मोबाइलच्या उजेडात पैसे मोजून घेतले.
सेल घड्याळात परत घातला.
काटा चालू झाला, टिकटिक
घरातल्या सगळ्यांनी ऐकली बहुतेक पहिल्यांदाच.
वीसेक मिनिटं मागं होतं.
वेळ लावा असं कुणी म्हटलं नाही,
मीही लावली नाही.